मान मोडून

आपल्या मराठी भाषेने मानेला जेवढे कामाला लावले आहे, तेवढे शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाला लावले नसेल. स्वाभिमानी माणूस ताठ मानेने जगतो, लाचार माणूस मान तुकवतो, चूक उमगलेला मान खाली घालतो. भूत बसते ते मानगुटीवर, संसाराचे जू येते ते मानेवर, आणि पाऊस लांबला की उभी पिकेसुद्धा माना टाकतात. या साऱ्या वाक्प्रचारांत आम्हा शिक्षकमंडळींचा लाडका वाक्प्रचार एकच. 'मान मोडून अभ्यास करा.' गेली सव्वीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. या सव्वीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मात्र ते उलटून माझ्याच मानेवर येऊन बसले.

मे महिना होता. मूल्यांकन केंद्रावर उत्तरपत्रिका तपासण्याचे काम चालू होते. लोखंडी टेबल, घडीची खुर्ची, डोक्यावर गरम वारा ढकलणारा पंखा आणि पुढ्यात गठ्ठे. रोजच्या चाळीस उत्तरपत्रिका उरकायच्या असत. सहाव्या दिवशी सकाळी उठलो तो मान उजवीकडे वळेचना. खांद्याच्या फऱ्यापर्यंत एक कळ जात होती. स्कूटर वळवताना मागे पाहायचे म्हणजे सबंध धड फिरवावे लागे. तरीही राहिलेले गठ्ठे तपासले. मान मोडून काम करणे म्हणजे काय, हे शब्दशः कळले.

आपल्याकडे दुखणेकऱ्याला औषधाची उणीव भासते, सल्ल्याची कधी भासत नाही. कोणी एरंडाची पाने शेकून बांधायला सांगितली. कोणी पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायला सांगितले. आमच्या एका स्नेह्यांनी तर केशकर्तनालयात नेऊन 'एका झटक्यात' मान मोकळी करून देण्याची जबाबदारी घेतली होती. ती मी कशीबशी टाळली, आणि टाळली हे बरे झाले, हे पुढे समजले. शेवटी एक्स-रे निघाला. काचेवर तो धरून डॉक्टर म्हणाले, "मणक्यात गॅप आहे. झीज झालीय. कॉलर लावा, वाकू नका, ओझं उचलू नका, उशी बंद करा." हे सर्व मिळून चार मिनिटांत झाले. मी दिवसभर काय काम करतो, हे त्यांनी विचारले नाही. आणि मीही सांगितले नाही.

तीन महिने मी कॉलर लावून हिंडलो. फळ्याकडे वळायचे तर पुतळ्यासारखा सगळाच वळायचो. पोरांनी माझे नाव 'जिराफ' ठेवले. या नावाबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्यात विज्ञान आहे. माणसाच्या मानेत सात मणके असतात आणि जिराफाच्याही त्या भल्या लांब मानेत सातच असतात. दुःख निराळेच होते. कॉलरने मान बरी होण्याऐवजी अधिकाधिक दुबळी होत गेली. कॉलर काढली की डोके पेलवत नाहीसे वाटे. वाचायला घेतले की भीती वाटे. एखादा शब्द वाचावा आणि मणका झिजावा, असा हिशेब मनात चाले. ज्याचे सारे आयुष्य पुस्तकावर गेले, त्याला पुस्तक हेच विष वाटू लागले तर त्याने करावे काय? स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून मी टेबलाच्या खणात ठेवला होता. आज हा लेख लिहितो आहे तो त्या अर्जामुळे. माझी मान तेवढी बिघडलेली नव्हती. बिघडले होते ते माझ्या मानेविषयीचे माझे ज्ञान.

आधी ते 'गॅप' प्रकरण मिटवू. आपल्याकडे शेजारणीपासून सरपंचापर्यंत सर्वांच्या तोंडी हा शब्द आहे. ऐकणाऱ्याला वाटते, मणके एकमेकांपासून सुटले आणि मध्ये फट पडली. आता मान कधी गळून पडेल याचा नेम नाही! वस्तुस्थिती बरोबर उलट असते. दोन मणक्यांमध्ये कूर्चेची एक गादी असते. वयाबरोबर तिच्यातले पाणी कमी होते, ती चपटी होते आणि एक्स-रेत दोन मणक्यांमधले अंतर नेहमीपेक्षा कमी दिसते. म्हणजे फट वाढलेली नसते, घटलेली असते. केस पिकावेत, कातडीला सुरकुत्या पडाव्यात, तसाच हा प्रकार. जपानमध्ये मानेचे कोणतेही दुखणे नसलेल्या 1211 निरोगी माणसांच्या माना एमआरआय यंत्राखाली तपासल्या, आणि त्याचा निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे 88 टक्के लोकांच्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या आढळल्या. विशीतल्या तरुण मुलामुलींतही बहुसंख्यांचे चित्र असेच होते. यांपैकी कोणालाही काही दुखत नव्हते. तेव्हा चित्रात काही दिसले म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे मानता येत नाही. माझ्या मानेचे छायाचित्र माझ्या दुखण्याच्या आधी पाच वर्षे काढले असते, तर तेही बहुधा असेच निघाले असते.

मग मान दुखते कशाने? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जपून असावे. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. ते मानेच्या टोकाशी तोललेले असते आणि मान पुढे झुकली की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. हातात भरलेली बादली अंगालगत धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक, तोच हा. मान साठ अंशांनी वाकवली तर मानेवरचा भार 27 किलोंपर्यंत जातो, असे एक गणित 2014 साली मांडले गेले, आणि तेव्हापासून मोबाईलवाल्या मुलांना घाबरवण्यासाठी ते सर्रास वापरले जाते. पण भार पडणे वेगळे आणि इजा होणे वेगळे. जिना चढतानाही गुडघ्यांवर भार पडतो, म्हणून कोणी जिना विषारी ठरवत नाही. ब्राझीलमध्ये 18 ते 21 वयाच्या 150 मुलामुलींची पाहणी झाली. मोबाईल पाहताना मान किती वाकते आणि मान दुखते की नाही, यांचा परस्परसंबंध त्या पाहणीत आढळला नाही. ती 2018 साली प्रसिद्ध झाली. मोबाईलविरुद्ध बोलायला मला पुष्कळ कारणे आहेत, आणि वर्गात मी ती रोज बोलतोच. पण न केलेल्या गुन्ह्याबद्दल त्याला शिक्षा करणे न्यायाचे नाही.

स्नायूंना खरा जाच होतो तो एकाच ठेवणीत तासन् तास अडकून पडण्याचा. त्यात अपुरी झोप, मनावरचे दडपण, कामाचा रेटा आणि त्या कामावर आपला काहीच ताबा नसणे, या गोष्टींची भर पडते. 'काळजीने मान आखडली' असे आपल्या आज्या म्हणत, त्यात तथ्य आहे. त्या मे महिन्यात माझ्या मानेखाली उत्तरपत्रिका होत्या, तशीच घरी वडिलांच्या आजारपणाची जागरणेही होती. एक्स-रेत ती जागरणे उमटली नाहीत.

हे दुखणे नव्या युगाची देणगी आहे, असाही एक समज आहे. आपल्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'मन्यास्तंभ' नावाचा विकार दिला आहे. मन्या म्हणजे मान. मराठीतली 'ती मान' या मन्येवरून आली आणि 'तो मान' निराळ्या घराण्यातला, हे जाता जाता विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावे. मन्यास्तंभाची कारणे सुश्रुताने दिली आहेत. दिवसा झोपणे, वेडेवाकडे बसणे-उभे राहणे, वर टक लावून पाहत राहणे. त्या काळी मोबाईल नव्हता, तरी माना आखडतच होत्या. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी लेखनिक मंडळी एक संस्कृत श्लोक लिहीत असत. पाठ, कंबर आणि मान मोडून, दृष्टी खिळवून, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हा ग्रंथ लिहिला आहे, तरी तो जपून ठेवावा, असा त्याचा आशय. ग्रंथाचा कर्ता अमर झाला. ज्याची मान गेली, त्याचे नाव पुष्कळदा पोथीवर राहिलेही नाही. आज आपण ज्या ग्रंथांचा अभिमान मिरवतो, त्यांच्या पानापानामागे एक दुखरी मान आहे.

युरोपातही हेच चालले होते. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होते. निरनिराळ्या धंद्यांत माणसांना कोणते रोग जडतात, यावर त्यांनी 1700 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. 1713 च्या आवृत्तीत त्यांनी कारकून आणि लेखनिक यांच्यावरही लिहिले. सततचे बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, ही तीन कारणे त्यांनी सांगितली. तीनशे वर्षांनंतर त्यांत माझ्यासारख्याने दुरुस्ती करावी असे फारसे काही नाही. पण रामाझ्झिनींची सर्वांत मोठी देणगी म्हणजे त्यांचा एक साधा प्रश्न. वैद्याने रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुम्ही काम काय करता?' हे विचारलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो तालुक्याच्या गावी भौतिकोपचार करणाऱ्या एका तरुण बाईंनी. माझी एक्स-रेची पिशवी त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "सर, दिवसभरात काय काय करता ते आधी सांगा." मी सांगत गेलो आणि त्या लिहून घेत गेल्या. मग त्यांनी माझ्या हातांतली शक्ती पाहिली, बोटांची जाणीव पाहिली, चालायला लावले. आणि म्हणाल्या, "तुमची मान मोडलेली नाही. ती न हलवल्यामुळे आळसावलीय. कॉलर घरी ठेवा." विद्यार्थिमित्रांनो, तीन महिन्यांच्या गोळ्यांनी जे झाले नव्हते, ते या एका वाक्याने निम्मे झाले.

त्यांनी मला शिकवले ते अगदी साधे होते. मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवायची, कान खांद्याकडे न्यायचा. हनुवटी आत ओढून पाच मोजायचे. तळहात कपाळाला, मग डोक्याच्या मागे, मग बाजूंना लावून, मान न हलवता एकमेकांवर जोर द्यायचा. खांदे मागे घेऊन फरे एकमेकांजवळ आणायचे. पंधरवड्यानंतर पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या दोन हातांत घेऊन, हात बाजूंनी खांद्यापर्यंत वर न्यायचे. आधी अर्ध्या लिटरच्या, पुढे लिटरच्या. थोडे दुखले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले असेल तर मोजणी कमी करायची. डेन्मार्कमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या 198 जणांवर असा एक प्रयोग झाला होता आणि 2011 साली तो प्रसिद्ध झाला. रबरी पट्टा ताणून खांद्यांचा व्यायाम दिवसाला अवघी दोन मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असा दहा आठवडे केला, तेवढ्यानेही मान-खांद्यांचे दुखणे लक्षणीय कमी झाले. दोन मिनिटे! आमच्या प्राध्यापक-कक्षात पहिल्या चहाची वाट पाहण्यात याहून जास्त वेळ जातो.

बाकीच्या गोष्टी अशा. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आराम देतो, तो घ्यावा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस घ्यावी. जन्माची सोबतीण करू नये. उशी टाकून देऊ नये. कुशीवर झोपले असता डोके खाली लोंबणार नाही आणि वरही ढकलले जाणार नाही, इतपत जाडीची उशी असावी. दुखणे ताजे असताना दोन दिवस जपावे, पण खाट धरू नये. रोज चालावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्ध्या तासाने उठावे. 'ताठ बसा' हा जो उपदेश आपण मुलांना करतो, तोही अर्धवटच आहे. काठी गिळल्यासारखे ताठ बसून दोन तास काढले, तरी मान दुखायची ती दुखतेच. चांगली बैठक कोणती, तर जी थोड्या वेळाने बदलते ती. भाषेने आपल्यापुढे ताठ मान आणि मोडलेली मान असे दोनच पर्याय ठेवले आहेत. शरीराला पाहिजे असते ती हलती मान.

तथापि प्रत्येक मानदुखी अशी निरुपद्रवी नसते, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. नाहीतर माझा लेख वाचून कोणी बाटल्या उचलत बसायचा. हातातली वस्तू वारंवार गळून पडू लागली, सदऱ्याची बटणे लावता येईनाशी झाली, चालताना तोल जाऊ लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जू दाबला जात असण्याचा संभव असतो. हाताची शक्ती कमी होत चालली, तेव्हाही थांबू नये. तापाबरोबर मान ताठली, प्रकाश सहन होईना, तर तो मेंदूज्वर असू शकतो. तेथे तासाचाही उशीर नको. वजन घटत आहे, संध्याकाळी कणकण येते, रात्री झोपेतही मान ठणकते, अशा वेळी मणक्याच्या क्षयाचा विचार करावा लागतो. आपल्या देशात तो अजूनही आढळतो आणि वेळीच औषध घेतले तर बरा होतो. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखू लागली तर ती हलवत बसू नये. छातीतून मानेकडे, जबड्याकडे, डाव्या हाताकडे कळ जात असेल आणि घाम फुटत असेल, तर ती मान नव्हे, हृदय बोलत असते. आणि ते केशकर्तनालयातले 'कटकन' वाजवणे! मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अशा झटक्याने क्वचित फाटतात आणि त्यातून अर्धांगवायू येऊ शकतो. क्वचित म्हणजे आपल्यावर येणार नाही असे नव्हे. दाढी-कटिंग करून घ्यावी, दोन गोष्टी बोलाव्यात आणि मान शाबूत घेऊन घरी यावे.

येथवरचे सगळे माझ्या मानेपुरते झाले. पण 'काम काय करता?' हा प्रश्न एकदा मनात रुजला की तो आपल्यापाशी थांबत नाही.

माझी आई आता ऐंशीच्या घरात आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावात नळ नव्हता. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, अशा तिच्या दिवसाला पाच-सहा खेपा होत. उन्हाळ्यात विहीर आटली की ओढ्यापर्यंत जावे लागे. ती कशी ताठ चाले, याचे मी वर्गात कौतुकाने वर्णन करीत आलो. ग्रामीण कवितेतली पाणी आणणारी स्त्री शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे तीच असे. 'या कष्टकरी बायकांना मानेचे दुखणे ठाऊक नव्हते' असेही मी अनेकदा बोललो आहे. माझी मान धरल्यावर एका रात्री तिला सहज विचारले, "आई, तुझी मान कधी दुखली नाही का गं?" ती म्हणाली, "दुखायची की. रात्री कूस बदलता यायची न्हाई. पन सांगायचं कुनाला?" सव्वीस वर्षे मी ती ताठ मान शिकवत होतो, आणि ती का ताठ होती हे मला माहीत नव्हते. डोक्यावरचा हंडा हिंदकळू नये म्हणून ती ताठ होती.

जगात 2020 साली सुमारे 20 कोटी 30 लाख माणसांना मानेचे दुखणे होते आणि 2050 पर्यंत ही संख्या 26 कोटी 90 लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. त्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे. हे आकडे वाचताना मला आईचे ते वाक्य आठवते. त्या मोजणीत तिची मान कधी आली असेल का?

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचेच आहे. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. पूर्वी बाजारपेठेत शंभर-शंभर किलोचे पोते एकेका हमालाच्या पाठी-मानेवर चढत असे. या माणसांना कोणी 'बैठक सुधारा' असे सांगून भागले असते काय? त्यांना संघटित व्हावे लागले. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1967 सालीच प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो असावी, अशी शिफारस केली होती. पोते पन्नास किलोचे असावे, ही मागणी हमालांना वर्षानुवर्षे लावून धरावी लागली. पोत्याचे वजन निम्मे झाले की मानेवरचे ओझे निम्मे होते. हे कोणत्याही मलमाने होत नाही. मानेच्या दुखण्यावरचा एक उपाय शरीरात असतो, तसा दुसरा पोत्यात, टेबलात, कामाच्या तासांत असतो. हे आपण विसरतो, आणि सगळा दोष ज्याची मान दुखते त्याच्यावर टाकून मोकळे होतो.

तिसरे उदाहरण आपल्याच महाविद्यालयातले आहे, आणि मला हा लेख लिहिण्याचा आग्रह त्यानेच केला. गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गातली एक हुशार मुलगी यायची बंद झाली. तिचे वडील शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा काही कागद मिळेल का, म्हणून विचारायला आले. म्हणाले, "सर, पोरीच्या मणक्यात गॅप निघाली. वाकून वाचायचं नाही म्हणालेत. आता तिला घरीच ठेवतो. आन् हे बाहेर कुठं बोलू नका. उद्या तिचं लगीन जमवायचंय." मी त्यांना खुर्चीवर बसवले आणि रामाझ्झिनींचा प्रश्न विचारला, "घरी ती काम काय करते?" उत्तर आले, "शिलाई करते की. ब्लाउज, फॉल-पिको. लग्नसराईत एक-दीड वाजतो रात्रीचा." वाचन दिवसाचे दोन तास, शिलाई सहा तास, पण बंद करायचे ठरले होते ते वाचन! यात वडिलांचा दोष नव्हता. शिलाईने घर चालत होते, आणि वाचनाने अजून काही चालायचे होते.

त्या मुलीला मी माझ्याच बाईंकडे पाठवले. धोक्याचे एकही लक्षण नव्हते. शिलाई यंत्राखाली लाकडी ठोकळे देऊन ते चार बोटे उंच केले, बसायची चौकट बदलली, दिवा समोरून बाजूला घेतला, अर्ध्या तासाने उठायचे ठरले. व्यायाम सुरू झाला. चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. लग्नसराईत तिची मान अजून दुखते. पण ती वर्गात आली, परीक्षेला बसली आणि यंदा तृतीय वर्षाला आहे. 'गॅप' या एका शब्दाने तिचे शिक्षण आणि लग्न ही दोन्ही एकाच दिवशी मोडायला निघाली होती, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. मणका झिजल्याने होत नाही तेवढी हानि एका शब्दाने होते. शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हे समजायला स्वतःची मान आखडावी लागली.

म्हणून दोन मागण्या करून हा लेख संपवतो. पहिली मागणी महाविद्यालयाच्या चालकांकडे. आपल्या वाचनालयातली मेजे सपाट, ठेंगणी आणि जमिनीला ठोकलेली आहेत. पूर्वी घरोघरी पोथीसाठी लाकडी ठवणी असे आणि पेढीवर मुनीमजींपुढे उतरत्या झाकणाची पेटी असे. पुस्तक डोळ्यांकडे न्यावे, डोळे पुस्तकाकडे नेऊ नयेत, एवढे त्या काळच्या सुताराला कळत होते. गावातल्या सुताराकडून अशा पंचवीस ठवण्या करून घ्यायला महाविद्यालय कर्जबाजारी होणार नाही. तीन तासांचा पेपर तपासणाऱ्यांना नि लिहिणाऱ्यांना बरी बाके मिळावीत, हेही त्यातच आले. दुसरी मागणी विद्यार्थ्यांकडे. वर्गात तास चालू असताना मध्येच कोणी दोन मिनिटे उठून उभा राहिला, खांदे फिरवले, तर तो माझा अपमान समजला जाणार नाही. उलट मीही त्याच्याबरोबर उभा राहीन. घरी गेल्यावर आईला, आजीला, शेतावरून डोक्यावर भारा आणणाऱ्या माणसाला एकदा विचारा, मान दुखते का? उत्तर ऐकायला मात्र थोडे थांबा.

खणातला तो अर्ज मी फाडून टाकला आहे. मानेला अजून अधूनमधून कळ येते. आली की उठून व्हरांड्यात चार फेऱ्या मारतो. कॉलर कपाटावर धूळ खात पडली आहे. आणि वर्गात मी आता 'मान मोडून अभ्यास करा' असे म्हणत नाही. 'मन लावून अभ्यास करा' म्हणतो.